मातापित्यांचे विधिदायित्व : अपत्यांचे अमली पदार्थविषयक गुन्हे

अपत्याने अमली पदार्थांसंबंधीचा गुन्हा केला असता मातापित्यांवर कायद्याने येणारी जबाबदारी. ही जबाबदारी तीन प्रकारची असते : मातापित्यांच्या स्वतःच्या कृत्याबद्दलचे फौजदारी दायित्व, अपत्याच्या चौकशीत व पुनर्वसनात त्यांच्यावर सोपविली जाणारी कर्तव्ये, आणि घर, वाहन, शेतजमीन व इतर मालमत्ता यांवर होणारे परिणाम. गुन्हेगाराचा बाप किंवा आई असणे हा भारतीय विधीनुसार गुन्हा नव्हे. अपत्याच्या अपराधाबद्दल मातापित्यांना शिक्षा होत नाही. शिक्षा होते ती त्यांनी स्वतः केलेल्या, जाणूनबुजून होऊ दिलेल्या किंवा साहाय्य दिलेल्या गोष्टीबद्दल. तथापि घरातील व्यवहारांत ‘ठाऊक असणे’, ‘होऊ देणे’ आणि ‘साहाय्य करणे’ यांच्या सीमारेषा पुसट असतात. या विषयातील बहुतेक वाद याच सीमारेषांविषयी उद्भवतात.

तत्त्व व पूर्वपीठिका : प्राचीन रोमन विधीत कुटुंबप्रमुखाच्या सत्तेखालील अपत्याने दुसऱ्याची हानी केल्यास कुटुंबप्रमुखास नुकसानभरपाई द्यावी लागे किंवा अपत्यास पीडिताच्या स्वाधीन करावे लागे. अपत्यांबाबतची ही स्वाधीनतेची प्रथा सम्राट जस्टिनियनच्या काळात रद्द झाली. इंग्‍लंडच्या रूढिविधीने याहून वेगळा मार्ग धरला. अज्ञान अपत्याच्या अपकृत्याबद्दल माता वा पिता केवळ नात्यामुळे जबाबदार ठरत नाहीत; ते कृत्य त्यांच्या सांगण्यावरून झाले असेल किंवा देखरेखीतील त्यांच्या स्वतःच्या हयगयीमुळे घडले असेल, तरच दायित्व येते. फौजदारी विधीत हा नियम अधिकच काटेकोर आहे, कारण गुन्ह्यास सामान्यतः कृत्याबरोबर दोषी मनःस्थितीही लागते आणि ती एकाची दुसऱ्यावर आरोपित करता येत नाही.

मातापित्यांवर काही भार टाकावा हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी बालगुन्हेगारीविषयक विधीतून पुढे आला. इंग्‍लंडच्या १९०८ च्या बालक अधिनियमाने बालकास झालेला दंड मातापित्यांकडून वसूल करण्याची तरतूद केली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने १९०३ मध्ये बालकाच्या गुन्हेगारी प्रवृत्तीस हातभार लावणाऱ्या प्रौढांसाठी स्वतंत्र गुन्हा निर्माण केला. भारतात मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालक अधिनियम केले. मुंबई प्रांतात पुढे १९४८ चा अधिनियम आला. अखिल भारतीय स्वरूपाचा बाल न्याय अधिनियम १९८६ मध्ये झाला. त्याची जागा २००० च्या व नंतर २०१५ च्या अधिनियमाने घेतली. १९८६ च्या अधिनियमात मुलग्यांसाठी १६ व मुलींसाठी १८ वर्षे ही वयोमर्यादा होती. २००० पासून ती दोघांसाठी १८ वर्षे आहे.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी भारतात गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (यापुढे ‘१९८५ चा अधिनियम’) लागू आहे. त्यातील शिक्षा पदार्थाच्या प्रमाणानुसार ठरते. हेरॉइनचे ५ ग्रॅमहून कमी प्रमाण अल्प व २५० ग्रॅमहून अधिक प्रमाण व्यापारी मानले जाते. चरसासाठी हे आकडे १०० ग्रॅम व १ किलोग्रॅम, गांजासाठी १ किलोग्रॅम व २० किलोग्रॅम आणि कोकेनसाठी २ ग्रॅम व १०० ग्रॅम असे आहेत. अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत, मधल्या प्रमाणास दहा वर्षांपर्यंत आणि व्यापारी प्रमाणास किमान दहा व कमाल वीस वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. अपत्याबरोबर मातापित्यांवरही आरोप आल्यास हीच मोजपट्टी त्यांनाही लागू होते.

अपत्याचे वय : मातापित्यांच्या दायित्वाचे स्वरूप प्रथमतः अपत्याच्या वयावर अवलंबून असते. भारतीय न्याय संहिता, २०२३ (अंमल १ जुलै २०२४ पासून) हिच्या कलम २० नुसार सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य गुन्हा नसते. सात ते बारा वर्षे वयाच्या बालकास आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता नसल्यास कलम २१ चे संरक्षण मिळते. रद्द झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८२ व ८३ मध्ये हेच नियम होते. त्यापुढे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत आरोपी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरतो व त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. सोळा ते अठरा वर्षे वयाच्या बालकाने घोर गुन्हा, म्हणजे ज्यास किमान सात वर्षे शिक्षा आहे असा गुन्हा, केल्याचा आरोप असल्यास मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. व्यापारी प्रमाणातील अमली पदार्थांचे गुन्हे या वर्गात मोडतात. अपत्य सज्ञान असल्यास बाल न्याय अधिनियमातील मातापित्यांची कर्तव्ये संपतात. परंतु घर, वाहन, आश्रय व मालमत्ता यांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील तरतुदी अपत्याचे वय पाहत नाहीत. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलाच्या कृत्यामुळेही वडिलांवर आरोप येऊ शकतो.

प्रत्यक्ष फौजदारी दायित्व : मातापित्यांनी बालकाचा साधन म्हणून उपयोग केल्यास विधी सर्वांत कठोर होतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७८ नुसार बालकाकडून मादक पेय, गुंगीकारक द्रव्य वा मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ विकविणे, वाहून नेवविणे, पुरविणे किंवा त्याची तस्करी करविणे यांसाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्हताप्राप्त वैद्यकीय व्यवसायीच्या आदेशाविना बालकास असे पदार्थ देण्यास कलम ७७ खाली तेवढीच शिक्षा आहे. न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार गुन्हा करण्यासाठी बालकास कामास लावणाऱ्यास तीन ते दहा वर्षे कारावास होतो आणि गुन्हा घडल्यास तो त्याने स्वतःच केला असे समजून त्याही गुन्ह्याची शिक्षा दिली जाते. या तरतुदींत ‘जो कोणी’ असे शब्द असल्याने त्या मातापित्यांसही लागू होतात. शिवाय बालकांचा वापर झाला असणे ही १९८५ च्या अधिनियमाच्या कलम ३२-ख नुसार किमान शिक्षेहून अधिक शिक्षा देताना विचारात घेण्याची बाब आहे.

बहुसंख्य प्रकरणांत मात्र पालकांनी काही करविलेले नसते. त्यांना काही ठाऊक असते किंवा असावे असा संशय असतो. अशा वेळी पुढील तरतुदी महत्त्वाच्या ठरतात :

(१) जागा वापरू देणे : कलम २५ नुसार घर, खोली, जागा अथवा वाहन यांचा मालक, भोगवटादार किंवा त्यावर नियंत्रण असणारी व्यक्ती जाणूनबुजून दुसऱ्यास त्याचा गुन्ह्यासाठी वापर करू देत असेल, तर त्या व्यक्तीस मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होते. येथे ‘जाणूनबुजून’ व ‘वापर करू देणे’ हे दोन्ही घटक आवश्यक आहेत. मुलाच्या कपाटात वडिलांच्या नकळत पुडी सापडली, एवढ्याने हे कलम लागू होत नाही.

(२) अपप्रेरणा व कट : कलम २९ नुसार गुन्ह्यास अपप्रेरणा देणारा किंवा कटात सामील होणारा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेस पात्र होतो. पैसे मोजणे, माल लपविणे, गिऱ्हाइकास निरोप देणे यांसारखी कृत्ये यात येऊ शकतात. गुन्ह्याची केवळ माहिती असणे व त्याबद्दल मौन पाळणे हे सामान्यतः अपप्रेरणेत मोडत नाही, कारण अकृतीमुळे अपप्रेरणा ठरण्यासाठी कृती करण्याचे विधिमान्य कर्तव्य आधी असावे लागते.

(३) शेतजमीन : मौनाविषयीच्या वरील नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. आपल्या जमिनीत अफू, गांजा वा कोका यांची बेकायदेशीर लागवड झाली असल्यास तत्काळ अधिकाऱ्यांस कळविण्याचे कर्तव्य कलम ४६ जमीनधारकावर टाकते. जाणूनबुजून ते टाळणे शिक्षापात्र आहे. सातबाऱ्यावर पित्याचे नाव आणि उभ्या पिकाच्या आड मुलाने लावलेली गांजाची झाडे, अशा परिस्थितीत पित्याचे मौन हाच गुन्हा ठरू शकतो.

(४) आश्रय : न्याय संहितेतील गुन्हेगारास आसरा देण्याच्या गुन्ह्यातून (कलम २४९) केवळ पती किंवा पत्नी वगळलेली आहे, माता व पिता यांना अशी सूट नाही. १९८५ च्या अधिनियमाच्या कलम २७-क नुसार अवैध व्यापारात गुंतलेल्या व्यक्तीस आश्रय देण्यास दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आहे. तरीही अपत्याचे आपल्या घरी नेहमीप्रमाणे राहणे व कायद्याच्या पकडीतून वाचविण्यासाठी त्यास दडविणे यांत फरक करावा लागतो.

सिद्धीचा भार : विधीने जाणिवेची अट घातली असली, तरी ती सिद्ध करण्याची नेहमीची पद्धत १९८५ च्या अधिनियमात बरीच पालटलेली आहे. कलम ३५ नुसार दोषी मनःस्थिती आवश्यक असलेल्या गुन्ह्यात ती होती असे न्यायालय गृहीत धरते; ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करावयाचे असते आणि तेही केवळ संभाव्यतेच्या तोलावर नव्हे, तर वाजवी संशयापलीकडे. कलम ५४ खाली ताब्यावरून गुन्ह्याचे गृहीतक करता येते. ताबा ‘जाणीवपूर्वक’ असावा लागतो; परंतु मदनलाल विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य (२००३) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की एकदा ताबा सिद्ध झाल्यावर तो जाणीवपूर्वक नव्हता हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर येते. नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य (२००८) या निर्णयाने ही गृहीतके घटनात्मक दृष्ट्या वैध ठरविली. मात्र पायाभूत तथ्ये अभियोगपक्षाने आधी सिद्ध केल्याशिवाय ती लागू होत नाहीत, असेही स्पष्ट केले.

याचा परिणाम घराच्या झडतीत दिसतो. माल सामाईक खोलीत, देवघराच्या माळ्यावर किंवा धान्याच्या डब्यात सापडला, तर तो घरातील नेमक्या कोणाच्या ताब्यात होता हा प्रश्न उद्भवतो. घर एखाद्याच्या नावावर असणे म्हणजे तेथील प्रत्येक वस्तू त्याच्या ताब्यात असणे नव्हे. किल्ली कोणाकडे होती, खोली कोण वापरत होते, पैशांचा व्यवहार कोणी केला, यांवरून तथ्यांचा निर्णय होतो. जामिनाच्या बाबतीत तर माता किंवा पिता यांची स्थिती अपत्याहून बिकट होऊ शकते. बालकास जामीन देणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ चा सामान्य नियम आहे. उलट व्यापारी प्रमाणाच्या त्याच प्रकरणात आरोपी असलेल्या प्रौढास १९८५ च्या अधिनियमाच्या कलम ३७ मधील कडक अटी पार कराव्या लागतात.

बाल न्याय मंडळापुढील कर्तव्ये : बालकास पकडल्यावर त्यास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते. मातापित्यांचा शोध लागत असल्यास त्यांना कळवून मंडळापुढे उपस्थित राहण्यास सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम १३). त्यानंतरही मंडळ आवश्यक वाटल्यास त्यांना कोणत्याही कामकाजास हजर राहण्यास फर्मावू शकते (कलम ९०). परिवीक्षा अधिकारी बालकाच्या कुटुंबाची सामाजिक चौकशी करून अहवाल देतो. सुटका केल्याने बालक ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल किंवा त्यास नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका संभवेल असे दिसल्यास जामीन नाकारता येतो. त्यामुळे घरातच अमली पदार्थांचा व्यवहार चालत असल्यास मातापित्यांवर गुन्हा सिद्ध न होताही बालक निरीक्षणगृहात राहू शकते. अमली पदार्थांच्या आहारी किंवा त्यांच्या व्यापारात ओढले जाण्याचा संभव असलेले बालक ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ या व्याख्येतही येते व त्याचा विचार बाल कल्याण समिती करते.

बालकाने गुन्हा केल्याचे आढळल्यास मंडळ कलम १८ खाली निरनिराळे आदेश देऊ शकते : समुपदेशन करून घरी पाठविणे, समाजसेवा, दंड, सद्‌वर्तनाच्या परिवीक्षेवर मुक्तता, किंवा तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे. यांपैकी समुपदेशन बालकाबरोबर मातापित्यांचेही होते. दंड भरण्याचा आदेश बालकास किंवा मातापित्यांस देता येतो. परिवीक्षेच्या वेळी माता वा पिता यांना बालकाच्या सद्‌वर्तनाबद्दल व कल्याणाबद्दल तीन वर्षांपर्यंत मुदतीचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. व्यसनमुक्ती कार्यक्रमात सहभागी होण्याचा आदेशही मंडळ देऊ शकते. मंडळाचा दंड व बंधपत्र ही पालकांना झालेली अपराधसिद्धी नव्हे. मात्र बालकाचा ताबा असताना त्याची जाणूनबुजून उपेक्षा करून त्यास अनावश्यक मानसिक वा शारीरिक क्लेश होतील असे वर्तन करणे हा कलम ७५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

मालमत्तेवरील परिणाम : फौजदारी आरोप नसतानाही मातापित्यांचे वाहन सरकारजमा होऊ शकते. १९८५ च्या अधिनियमाच्या कलम ६० नुसार अमली पदार्थ वाहून नेण्यासाठी वापरलेले वाहन जप्तीस पात्र असते. ते टाळण्यासाठी वाहनाचा वापर मालकाच्या, त्याच्या प्रतिनिधीच्या व वाहनाचा ताबा असलेल्या व्यक्तीच्या माहितीविना वा संमतीविना झाला आणि त्या प्रत्येकाने असा वापर होऊ नये म्हणून सर्व वाजवी खबरदारी घेतली होती, हे मालकास सिद्ध करावे लागते. मुलाने वडिलांची दुचाकी नेली असेल, तर ‘मला माहीत नव्हते’ एवढे म्हणणे पुरत नाही.

अधिनियमात १९८९ च्या दुरुस्तीने घातलेले प्रकरण पाच-क अवैध मार्गाने मिळविलेल्या मालमत्तेच्या समपहरणाविषयी आहे. दहा वर्षे वा अधिक शिक्षेस पात्र अशा गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीच्या नातेवाइकांनाही ते लागू होते आणि नातेवाईक या संज्ञेत मातापिता येतात. मालमत्ता वैध मार्गाने मिळविली हे त्यांनी दाखवावयाचे असते. तस्करांच्या मालमत्तेविषयीच्या १९७६ च्या समान स्वरूपाच्या अधिनियमासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने अमृतलाल प्राजीवनदास प्रकरणात (१९९४) असे ठरविले, की नातेवाइकाची मालमत्ता त्या व्यक्तीच्या अवैध संपत्तीशी जोडता येत असेल तेवढ्यापुरतेच समपहरण करता येते. आयुष्यभराच्या बचतीतून बांधलेले घर मुलाच्या गुन्ह्यामुळे आपोआप जात नाही. मुलाच्या पैशाने आईच्या नावे घेतलेली सदनिका मात्र जाऊ शकते.

उपचार व संरक्षण : व्यसनाधीन व्यक्तीस शिक्षेऐवजी उपचारांकडे वळविण्याची सोय १९८५ च्या अधिनियमातच आहे. सेवनाच्या गुन्ह्याचा (कलम २७) किंवा अल्प प्रमाणासंबंधीच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासकीय वा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर कलम ६४-क नुसार तिच्यावर खटला चालविला जात नाही. उपचार पूर्ण न केल्यास हे संरक्षण काढून घेता येते. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनाधीन व्यक्तीस तिच्या संमतीने उपचारांसाठी मुक्त करण्याचा अधिकार कलम ३९ न्यायालयास देते. पालकांच्या दृष्टीने या तरतुदी मोलाच्या आहेत. पुडी सापडल्यावर ती दडविणे, मुलास दूरच्या नातेवाइकाकडे पाठविणे किंवा उसनवारी फेडण्यासाठी विक्रेत्यास पैसे पोहोचविणे, या भीतीपोटी होणाऱ्या कृत्यांनीच निरपराध पालक कलम २९ च्या कक्षेजवळ जातो. त्याउलट उपचारांची वाट मुलास खटल्यापासून व पालकास संशयापासून दूर ठेवते. ही वाट व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात उपलब्ध नाही. म्हणून तिचा आश्रय वेळीच घ्यावा लागतो.

इतर देश : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ मध्ये बालकावर वाजवी देखरेख ठेवण्याचे पालकांचे कर्तव्य फौजदारी विधीत घातले व तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ते वैध ठरविले. सार्वजनिक गृहनिर्माणाबाबत तेथील संघीय विधी अधिक कठोर आहे. ओकलंड येथील भाडेकरूंच्या कुटुंबियांनी अमली पदार्थ बाळगल्याच्या प्रकरणांत, भाडेकरूस त्याची माहिती नसली तरी भाडेकरार रद्द करता येतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरविले. इंग्‍लंडमध्ये १९९८ च्या अधिनियमाने ‘पालकत्व आदेश’ रूढ केला. पालकांनी मार्गदर्शन वर्गास जावे असे न्यायालय सांगू शकते व आदेशाचा भंग दंडनीय असतो. फ्रान्समध्ये बालकाच्या कृत्याने झालेल्या हानीची भरपाई मातापित्यांकडून घेतली जाते. परंतु फौजदारी दायित्व प्रत्येकावर केवळ स्वतःच्या कृत्याबद्दल येते. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद १८ मध्ये संगोपनाची प्राथमिक जबाबदारी मातापित्यांवर आणि अनुच्छेद ३३ मध्ये बालकांचे अमली पदार्थांपासून रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

मूल्यमापन : नात्यावरून दायित्व गृहीत धरण्याचा प्रयोग भारतीय विधीस अपरिचित नाही. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९९-क नुसार अज्ञान मुलाने वाहनविषयक गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक दोषी मानला जातो. आपणास माहिती नव्हती किंवा आपण योग्य दक्षता घेतली होती, हे त्याने सिद्ध करावयाचे असते. अमली पदार्थांबाबत संसदेने असे कलम केलेले नाही. या भेदाचे समर्थन करता येते. वाहनाची किल्ली पालकाच्या हाती असते; व्यसन मात्र बहुधा त्याच्या नजरेआड सुरू होते. पालकास सहजी दोषी मानल्यास तो मुलाची अडचण उघड करण्याऐवजी झाकून ठेवील आणि उपचारांची तरतूद निरुपयोगी ठरेल. कठोर दायित्वाचे पुरस्कर्ते म्हणतात, की पालकांच्या डोळेझाकीमुळे विक्रेत्यांचे फावते; तथापि डोळेझाक व अज्ञान यांत फरक करण्यास सध्याची कलमे पुरेशी आहेत. खरी उणीव सिद्धीच्या भारात जाणवते. वाजवी संशयापलीकडे आपले अज्ञान सिद्ध करणे हे सामाईक घरात राहणाऱ्या आईस जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच पायाभूत तथ्यांची काटेकोर तपासणी हेच अशा प्रकरणांत निरपराध पालकाचे मुख्य संरक्षण होय.